वर्षातून एकदा हळद-कुंकू वाहिलेलं रिव्हॉल्व्हर



मागच्या रविवारी लाइव्हचा विषय होता 'दुकानातली रोकड'. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना एका तरुण मित्राचा प्रश्न आला. तालुक्याच्या गावी त्यांचं सराफी दुकान आहे, वडिलांनी उभं केलेलं. त्याने लिहिलं, "सर, बाबांकडे २६ वर्षांपासून बत्तीस बोर रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आहे. आता दुकान मी बघतो. लायसन्स माझ्या नावावर करून घ्यायचं म्हणतो. रोज कमरेला लावून गल्ल्यावर बसलं की टेन्शन नाही. प्रोसेस सांगा ना."

प्रोसेस मी दोन मिनिटांत सांगितली. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. पोलिसांची चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. वारस आहे म्हणून परवाना मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

मग मी त्याला उलट विचारलं, "बाबांनी त्यातून शेवटची गोळी कधी झाडली?"

त्याने हसण्याचं चिन्ह टाकलं आणि लिहिलं, "बहुतेक घेतलं त्याच वर्षी. तशी वेळच आली नाही सर, देवाची कृपा."

वेळ आली नाही ही देवाची कृपा, मान्य. पण २६ वर्षांत सरावासाठीसुद्धा एक गोळी झाडली नाही, यात देवाचा काही संबंध नाही. हे मी तिथे बोललो आणि खाली कमेंटमध्ये लोक माझ्यावर तुटून पडले. "सर, व्यापाऱ्याने स्वतःचं रक्षण करायचं नाही का?" "तुम्हाला शहरात बसून काय कळणार?" म्हणून हे सविस्तर लिहितोय. व्हिडिओत हा विषय नीट बसत नाही, आणि कॅमेऱ्यासमोर शस्त्र धरून व्ह्यूज मिळवायची माझी इच्छा नाही.

आधी एक गोष्ट कबूल करतो. माझ्याकडे लायसन्स आहे. २००८ पासून.

ट्रेनर होण्याआधी माझा पेंड आणि सरकीचा होलसेल धंदा होता, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. चार गावांचे आठवडी बाजार, उधारीची वसुली, सगळी रोख. संध्याकाळी निघालो की डिकीत दीड-दोन लाख असायचे आणि रस्ता घाटाचा. आमच्याच लाइनमधल्या एका व्यापाऱ्याला त्या घाटात अडवून लुटलं, डोक्यात रॉड घातला. माणूस वाचला, पण पुढे त्याला नावं आठवायची नाहीत. त्यानंतर घरात सगळ्यांनी माझ्यामागे लकडा लावला. अर्ज केला, चौकशा झाल्या, परवाना आला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोर घेतलं. जुन्या वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. खडकीच्या कारखान्यातली काडतुसं. त्या वेळी प्रशिक्षणाचं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दुकानदाराने दाखवलं, असं उघडतं, असं भरतं, असं बंद होतं. संपलं शिक्षण.

पहिले काही महिने छाती दोन इंच पुढे होती, खोटं कशाला बोलू. मग सवय झाली. मग ते जड वाटायला लागलं. मग गाडीत, मग कपाटात. खंडेनवमीला बाहेर काढायचं, तराजू, वजनं आणि हिशोबाच्या वह्यांशेजारी पाटावर ठेवायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. बायकोच्या बाटलीतलं खोबरेल तेल कापसाने लावायचं, कातडी होल्स्टरमध्ये सरकवायचं आणि कपाट बंद. दुसऱ्या दिवशी दसरा, श्रीखंड. असं सहा वर्षं केलं. मी आजही सांगतो, ती पूजा मी श्रद्धेने करायचो. पण पूजेला मी देखभाल समजत होतो, आणि तिथेच चुकत होतो.

२०१४च्या जानेवारीत एका मित्राने त्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर नेलं. तिथले वस्ताद लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. मी ऐटीत होल्स्टरमधून काढलं, सहा काडतुसं भरली, पाच पावलांवरच्या कागदावर नेम धरला. पहिली गोळी सुटली, कागदाला लागलीच नाही. दुसऱ्या वेळी फक्त 'टक'. तिसरी सुटली, कागदाच्या कोपऱ्याला. चौथी, पाचवी कुठे गेली ते मातीच्या ढिगाऱ्याला माहीत. सहावी पुन्हा 'टक'. सहातल्या दोन गोळ्या सुटल्याच नाहीत. सुटलेल्या चारपैकी एक लागली, तीही कोपऱ्याला. पाच पावलांवर.

वस्तादांनी आधी मला शस्त्र तसंच समोर धरून थांबायला लावलं. न सुटलेली गोळी क्षणभर उशिराने सुटू शकते, म्हणून लगेच उघडायचं नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी ते उघडून बघितलं. घोड्याच्या टोकाशी आणि आतल्या फटींत पिवळट मेणासारखा थर. खोबरेल तेल! थंडीत बाटलीत गोठतं ते शस्त्रात गोठणार नाही का? वर त्यात सहा दसऱ्यांचं कुंकू आणि धूळ. घोडा जोराने पडायच्या ऐवजी लोणच्याच्या बरणीतल्या चमच्यासारखा पडत होता. काडतुसं सहा वर्षं पट्ट्याच्या कातडी घरांत खोचलेली, पितळेवर हिरवा गंज चढलेला. होल्स्टरच्या आतल्या बाजूला नळीवर तांबेऱ्याचे ठिपके.

त्यांनी मला ओरडलं नाही. एवढंच विचारलं, "साहेब, ही पूजेची वस्तू आहे की कामाची? पूजेची असेल तर देव्हाऱ्यात ठेवा, कमरेला कशाला?"

परत येताना गाडीत मी एकच विचार करत होतो. सहा वर्षं मी त्या घाटातून या वस्तूच्या जोरावर उशिरापर्यंत वसुली करत फिरलो. शस्त्र नसतं तर अंधार पडायच्या आत निघालो असतो. म्हणजे शस्त्राने मला सुरक्षित केलं नव्हतं, मला बेफिकीर केलं होतं. मित्रांनो, धंद्यात यालाच आपण काय म्हणतो? ज्या स्टॉकची तुम्ही वर्षानुवर्षं मोजणी केली नाही, त्याच्या भरवशावर ऑर्डर घेणं.

आता कायद्याचं थोडं. मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचारा. पण एक नियम फार कमी परवानाधारकांना माहीत असतो. २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि तुमचा त्याच्यावर ताबा असला पाहिजे. पूर्ण झाकलेलं! म्हणजे ते लग्नात शर्ट वर करून मूठ दाखवणं, हॉटेलात टेबलावर काढून ठेवणं, रीलमध्ये फिरवणं, हे सगळं नियमाच्या बाहेर. परवाना रद्द होऊ शकतो. वरातीत हवेत बार काढण्याबद्दल तर २०१९च्या दुरुस्तीपासून वेगळी तरतूदच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडे काही जणांना बॅनरवर बोटांत अंगठ्या आणि कमरेला मूठ दिसल्याशिवाय धंदा मोठा झाल्यासारखं वाटत नाही. त्यांना मी काय सांगणार? माझा विषय तुम्ही आहात, जे खरंच भीतीपोटी विचारता.

तर शस्त्र झाकलेलं हवं. आता विचार करा, झाकलेलं शस्त्र बाहेर काढायला किती वेळ लागतो? १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर नावाच्या प्रशिक्षकाने एक लेख लिहिला. त्याने मोजून बघितलं होतं की साधा निरोगी माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पळून येतो. २१ फूट! तुमच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस किती लांब असतो? तीन फूट, चार फूट. मी घरी रिकाम्या शस्त्रावर मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं. पहिल्या दिवशी शर्ट वर करून, पट्टी सोडवून, मूठ नीट हातात येईपर्यंत चार सेकंदांच्या वर गेले, आणि दोनदा शर्टच मुठीत आला. बायको दारात उभी राहून हसत होती. आज एवढ्या वर्षांनी ते दोन सेकंदांच्या आसपास आहे, आणि तेही कुणी अंगावर धावून येत नसताना, हात थरथरत नसताना.

म्हणून जो म्हणतो "सर, नसण्यापेक्षा असलेलं बरं", त्याच्याशी माझं जमत नाही. बाकी वस्तूंच्या बाबतीत चालेल. घरात जास्तीची शिडी असली तर बरंच. पण सराव नसलेल्या माणसाच्या कमरेचं शस्त्र झटापटीत कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. समोरचा कदाचित फक्त गल्ला घेऊन गेला असता. तुम्ही कमरेकडे हात नेलात की त्याच्यासाठीही तो जिवाचा प्रश्न होतो.

आता मी काय करतो ते सांगतो. हे मी वस्तादांकडून शिकलो, व्हिडिओ बघून नाही, आणि तुम्हीही माणसाकडूनच शिका.

आठवड्यात दोनदा, रात्री जेवणानंतर, दहा मिनिटं रिकामा सराव. रिकामा म्हणजे रिकामाच. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग शस्त्र उघडायचं, सहाही कप्पे डोळ्यांनी बघायचे, बोटाने चाचपायचे, खोलीत गेल्यावर पुन्हा बघायचे. हा वेडेपणा वाटेल, पण 'रिकामंच होतं' म्हणून झालेले अपघात काय कमी आहेत? समोर पक्की भिंत, पलीकडे कुणी नाही. घरात त्या वेळी फोन घ्यायचा नाही, कुणी हाक मारली तर सराव संपला, पुन्हा पहिल्यापासून तपासणी. जुन्या बनावटीच्या शस्त्राचा घोडा मोकळा आपटत राहणं चांगलं नाही, म्हणून मी नकली काडतुसं वापरतो, तीही दिसायला वेगळी असलेली. या दहा मिनिटांत मी नेमापेक्षा एकच गोष्ट जास्त घोटतो: बोट चापाच्या बाहेर. काढताना बाहेर, धरताना बाहेर, परत ठेवताना तर नक्कीच बाहेर. शस्त्र होल्स्टरमध्ये परत घालताना घाई करण्याचं जगात एकही कारण नाही.

दर दोन महिन्यांनी रेंज. तिथे कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि वस्ताद सांगतील तसं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा डावा हात बघितला, त्याचं बोट सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीजवळ होतं. त्या फटीतून गोळी सुटताना गरम वायू बाहेर पडतो, बोट भाजून निघतं. सहा वर्षं मी तसाच धरत होतो. पन्नास गोळ्या ढणाढण झाडण्यापेक्षा अठरा गोळ्या विचार करून झाडाव्यात असं त्यांचं म्हणणं, आणि आपल्याला परवडतंही तेच. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. मी त्याचं वेगळं रजिस्टर ठेवलंय, घेतली किती, झाडली किती, शिल्लक किती. जीएसटीचं रजिस्टर ठेवता तसंच. तपासणीला मागतील तेव्हा शोधाशोध नको. आणि रेंजवर मी आधी जुनी काडतुसं संपवतो, नवी घरी ठेवतो. किराणा दुकानदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही, जुना माल आधी.

रेंजवरून आलो की त्याच संध्याकाळी सफाई. उद्यावर नाही. जळालेल्या दारूची काजळी आणि शिशाचा लेप नळीत बसतो, पावसाळ्यात तो ओल ओढतो. आधी पुन्हा तीच तपासणी, मग नळीतून योग्य मापाचा ब्रश, मग कापडाचे तुकडे पांढरे निघेपर्यंत. सहाही कप्पे वेगवेगळे. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली काजळी साठते, तिथे लोक बघतच नाहीत. शेवटी बंदुकीसाठीचं पातळ तेल, आणि तेही पुसून. चकाकलं पाहिजे, थबथबलं नाही पाहिजे. जास्तीचं तेल झिरपत काडतुसाच्या टोपीत गेलं तर गोळीच मरते, माझ्या त्या दोन 'टक'मध्ये तेलाचाही वाटा असणार असं वस्ताद म्हणाले. गंज काढायचा फवारा, देवाचं तेल, गाडीचं ग्रीस, यातलं काहीही नको.

आणि कातडी होल्स्टर हा वापरण्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नाही. कातडं ओल धरून बसतं. कोकणातल्या मित्रांनो, तुमच्याकडे तर जून ते सप्टेंबर चपलेवर बुरशी येते, मग लोखंडाचं काय होत असेल! मी शस्त्र कोरड्या कापडात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर, लोखंडी कपाटाच्या कुलपात ठेवतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून बघतो. चाप कडक लागला, सिलिंडर हलायला लागला, तर परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे. आपल्या ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असू द्या, त्याच्याकडे न्यायचं नाही. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

खंडेनवमीची पूजा मी अजून करतो. फक्त कुंकू आता पाटाला लावतो.

या सगळ्याचा उपयोग काय झाला? एकदाच झाला, आणि गोळी झाडून नाही. २०१७ साली दिवाळीच्या आधी गोडाऊन मालाने भरलेलं होतं, मी वर माडीवर झोपलो होतो. रात्री दोनच्या सुमारास खालच्या शटरचा आवाज. मी शस्त्र घेतलं, जिन्यात आलो. अंधारात पोत्यांच्या आड कुणीतरी वाकलेलं. हृदय कानात वाजत होतं. पण बोट बाहेर होतं. ठरवून बाहेर ठेवलं असं म्हणणार नाही, ते आपोआप बाहेर होतं. नळी जमिनीकडे. डाव्या हातातली बॅटरी लावली आणि ओरडलो, "कोण आहे?" आमच्या हमालाचा चौदा वर्षांचा मुलगा. बाप दारू पिऊन मारत होता म्हणून पळून आला होता, बापाजवळची किल्ली घेऊन, पोत्यांत झोपायला. त्याने माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि खालीच बसला. मी शस्त्र ठेवून आलो, त्याला पाणी दिलं. दोघांचेही हात हलत होते. तो मुलगा आज एका ट्रान्सपोर्टमध्ये कामाला आहे, दिवाळीला फोन करतो.

२०१४च्या आधीचा मी त्या जिन्यात असतो तर? याचं उत्तर मी आजवर मोठ्याने बोललेलो नाही.

आणि तो खरंच चोर असता तरी? कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणं, अशा प्रसंगी हा हक्क बराच पुढपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही, हेही तिथेच लिहिलंय. पेंडीचं पोतं उचलून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं हे रक्षण नाही. गरज किती होती हे नंतर शांत खोलीत बसून दुसरी माणसं ठरवतात. तेव्हा दुकान महिनोन् महिने बंद असतं.

आता आपल्या नेहमीच्या पद्धतीने हिशोब. कानपूरच्याच कारखान्याचं 'निर्भीक' हे अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर २०१४ साली बाजारात आलं तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होतं. कानपुरी बत्तीस बोर घेणं म्हणजे नव्या दुकानदाराच्या भांडवलाचा मोठा तुकडा. तो एकदाचा खर्च. नंतर काडतुसं, रेंजची फी, सफाईचं सामान, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की शस्त्र जमा करायची नोटीस आणि नंतर परत आणायची खेप. आणि वेळ. माझे महिन्याचे सरासरी पाच तास जातात. पाच तासांत तुम्ही दहा जुनी गिऱ्हाइकं भेटून आला असता. हा वेळ द्यायची तयारी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. असेल तर परत करा. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याला विकता येतं, पोलीस ठाण्यात जमा करता येतं. त्यात कमीपणा नाही.

त्याच पैशांत आणि वेळात रोकड कमी करा. दुपारी दोनला एकदा बँकेत भरणा, संध्याकाळी गल्ल्यात फक्त सुट्टे. भरण्याची वेळ आणि रस्ता बदलता ठेवा, आणि आज किती धंदा झाला हे चहाच्या टपरीवर सांगू नका. आमच्या घाटातल्या व्यापाऱ्याची बातमी टपरीवरूनच फुटली होती. दुकानाच्या विम्यात रोकड नेतानाची जोखीम घेता येते, एजंटला विचारा, तो आपणहून सांगणार नाही. माझ्या धंद्यातली निम्म्याहून जास्त वसुली शेवटी शेवटी क्यूआर कोडवर यायला लागली, आणि त्या कागदाच्या तुकड्याने माझी डिकी जेवढी हलकी केली तेवढी रिव्हॉल्व्हरने कधीच केली नव्हती.

मग तुम्ही का ठेवलंय, असं विचाराल. रास्त प्रश्न आहे. जुनी शेती त्या घाटाच्या पलीकडे आहे, रात्रीची वस्ती असते, हे एक. आणि दुसरं, मला आता रेंजवर जायला आवडतं, हे मी लपवत नाही. श्वास सोडून, थांबून, एक गोळी नीट झाडणं हे डोक्याला शांत करतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. त्या स्थिर हाताच्या मागे किती वर्षं असतील, याचा थोडा अंदाज मला तोवर आला होता.

तर आपला सराफ मित्र. बुधवारी त्याचा फोन आला. लाइव्ह संपल्यावर त्याने वडिलांना माझा प्रश्न विचारला होता. वडील आधी रागावले, मग दोघं मिळून जिल्ह्याच्या क्लबवर गेले. मी त्याला बजावलं होतं की बाबांचं शस्त्र तू झाडायचं नाही, तुझ्या नावावर परवाना नाही. तू क्लबचा सभासद हो आणि त्यांच्या शस्त्रावर शिक. वडिलांनी स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या भरल्या. त्यांच्या तीन सुटल्या नाहीत. माझा विक्रम मोडला. शस्त्र आता दुरुस्तीला दिलंय, जुनी काडतुसं बदलायची आहेत, आणि मुलाने क्लबचा फॉर्म भरलाय.

"आणि नावावर करायचा अर्ज?" मी विचारलं.

"तो बाबांनी काढून घेतला सर. म्हणाले, सहा महिने रविवारी क्लबला जाऊन दाखव, मग बघू. आणि तोवर संध्याकाळची रोकड दुकानात ठेवायची नाही म्हणाले."